काका, बॅग कुठली घेऊ?

दसरा झाला, पाऊस सरला, की पुण्याहून, ठाण्याहून, नाशकाहून मला ठराविक मेल यायला लागतात. लिहिणारा कुणाचा तरी भाचा असतो, कुणाच्या तरी ऑफिसातला असतो. "काका, तुम्ही तिकडे इंग्लंडमध्ये बाइकपॅकिंग करता असं कळलं. फ्रेमबॅग कुठली घेऊ? सीटमागची बॅग चौदा लिटरची पुरेल का? टायर सव्वादोन इंची की त्याहून जाड? टेंट की टार्प?" एकाने तर चक्क एक्सेल शीट पाठवली होती. त्यात टूथब्रशचं वजन होतं. दांडा कापल्यावरचं वेगळ्या रकान्यात!

मुलं गुणी आहेत, शंकाच नाही. पण इतक्या वर्षांच्या मेलांमध्ये एकानेही असं विचारलेलं नाही की "काका, जायचं कुठून?" म्हणजे डांबरी रस्ता सोडून आत शिरायचं ते कुठल्या वाटेने, ती वाट कुणाची, तिच्यावरून जायचा मला हक्क आहे का, आणि पुढच्या वर्षी ती तिथे असेल का? म्हणून आज जरा भांडणाच्या सुरात लिहितोय. राग मानू नका. (मानलात तरी चालेल.)

ज्यांना हा प्रकारच ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार ओळी. सायकलला कॅरिअर न लावता फ्रेमच्या त्रिकोणात, सीटमागे आणि हँडलवर बॅगा आवळून बांधायच्या, त्यात अंथरूण-पांघरूण, थोडं खाणं, पंक्चरचं सामान कोंबायचं, आणि कच्च्या वाटांनी चार दिवस, कधी पंधरा दिवस भटकायचं. कॅरिअर नको, कारण दगडधोंड्यांत ते खडखडतं आणि त्याचे स्क्रू निघतात. बाजूला लटकवलेल्या बॅगा नकोत, कारण अरुंद वाटेत त्या झुडपांना अडकतात. एवढंच. दुकानदाराला मात्र एवढंच सांगून चालत नाही, म्हणून त्याने याचं शास्त्र केलं आहे, आणि ते हप्त्यांवर मिळतं.

यात नवीन काय आहे? 'वेफेअरर' या टोपणनावाने लिहिणारा डब्ल्यू. एम. रॉबिन्सन नावाचा गृहस्थ पहिल्या महायुद्धात जखमी होऊन परतला आणि १९१९ च्या मार्चमध्ये वेल्समधल्या बर्विन डोंगरांची खिंड भर बर्फातून सायकल ढकलत पार करून गेला. त्यावर त्याने लेख लिहिला आणि तो वाचून एक पिढी डोंगरात शिरली. १९५५ साली लेमिन्स्टर नावाच्या छोट्या गावात 'रफ स्टफ फेलोशिप' हा क्लब निघाला, केवळ कच्च्या वाटांनी सायकल हाकणाऱ्यांचा. त्यांचे जुने फोटो बघा. लोकरीचे स्वेटर, कुणाच्या गळ्यात टाय, साधी मडगार्डवाली सायकल आणि सीटमागे जाड सुती कापडाची पिशवी. तसल्या पिशव्या शिवणारी कॅरॅडाइस ही लँकाशायरमधली कंपनी १९३२ पासूनची आहे. फेलोशिपमधली काही मंडळी १९५८ मध्ये आइसलँडच्या मधल्या ओसाड वाळवंटातून सायकली घेऊन आरपार गेली. कार्बन नव्हतं, ट्यूबलेस नव्हतं, टूथब्रशचा दांडा शाबूत होता.

आणि आपल्याकडे? लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी टाकून घाटावरचं धान्य खाली आणि कोकणातलं मीठ वर नेत होतेच की. गोणी म्हणजे पाठीच्या दोन्ही अंगांना सारखं वजन लोंबणारी दुहेरी पिशवी. नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण काय उगाच कोरला? तेव्हा बॅग हा शोध नाही. लादायचं सामान माणसाला नेहमीच कुठल्या ना कुठल्या पिशवीत भरता आलेलं आहे. अडतं ते वाटेशी.

ब्रिटनमध्ये हा छंद टिकला त्याचं खरं कारण दुकानात नाही, नकाशात आहे. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० चा नकाशा उघडा. त्यावर हिरव्या तुटक रेघांचं जाळं दिसेल. आखूड तुकड्यांची रेघ म्हणजे फुटपाथ. (इथे फुटपाथ म्हणजे रस्त्याकडेचा पदपथ नव्हे, शेताशिवारातून जाणारी पायवाट. पदपथाला हे लोक पेव्हमेंट म्हणतात. मला हे कळेपर्यंत बरेच विनोद झाले.) लांब तुकड्यांची रेघ म्हणजे ब्रायडलवे, घोडेवाट. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा सार्वजनिक हक्काच्या वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत. जमीन खासगी आहे, शेत कुणाचं तरी आहे, मेंढ्या कुणाच्या तरी आहेत, पण त्या रेघेवरून जायचा हक्क तुमचा आहे. मालकाला विचारायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. घोडेवाटेवरच्या फाटकाचा खटका उंच दांडीचा असतो, घोड्यावर बसल्या बसल्या हात पोचावा म्हणून. सायकलवाल्यालाही तो बरा पडतो.

हे जाळं आपोआप तयार झालेलं नाही. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला आपल्या हद्दीतल्या सगळ्या सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावलं. गावोगावच्या पॅरिश काउन्सिलांनी, म्हणजे ग्रामपंचायतीच म्हणा, माणसं पाठवून वाटा चालून बघितल्या आणि नोंदवल्या. १९९० चा कायदा तर असा आहे की शेताच्या मधून जाणारी वाट शेतकऱ्याने नांगरली, तर पहिल्या नांगरटीनंतर १४ दिवसांत ती पुन्हा करून द्यायची. घोडेवाट किमान दोन मीटर रुंद. बांधाकडेची वाट असेल तर ती नांगरायचीच नाही. सगळे हे पाळतात असं नाही हं. मी स्वतः छातीपर्यंत वाढलेल्या पिवळ्या रेपसीडमध्ये सायकल डोक्यावर धरून उभा राहिलेलो आहे. काउंटीच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, त्याचं उत्तर सात महिन्यांनी आलं. तोवर पीक कापून झालं होतं, त्यामुळे तक्रार 'निकाली'. सरकारी कचेऱ्या सगळीकडे सारख्याच. पण उत्तर आलं, कारण वाट नकाशावर होती. नकाशावर नसती तर मी एका शेतात घुसलेला परदेशी माणूस, एवढाच उरलो असतो.

आता कुणी म्हणेल, झालं, हा काका साहेबाच्या देशाचे गोडवे गायला लागला. थांबा. फार भारावून जाऊ नका.

इंग्लंडमधल्या या सगळ्या वाटांपैकी सायकलला परवानगी आहे ती जेमतेम २२ टक्क्यांवर. बाकीच्या फुटपाथ आहेत, तिथे फक्त पायी. आणि कुठली वाट फुटपाथ, कुठली घोडेवाट हे कशावर ठरलं? रुंदीवर नाही, चढावर नाही, मातीवर नाही. इंजिनिअरला सुचेल असं कुठलंच मोजमाप त्यात नाही. जुन्या काळी तिथून घोडा जायचा का, आणि पन्नासच्या दशकात पॅरिशच्या त्या माणसाने काय नोंदवलं, यावर! एका गावाने घोडेवाट लिहिली, शेजारच्या गावाने तीच फुटपाथ लिहिली, की हद्दीवर येऊन घोडेवाट संपते. पुढे माती तीच, रुंदी तीच, फक्त सायकलवरून उतरायचं. (घोड्याने तिथे काय करायचं हे कुणी सांगत नाही.) सेकंड-हँड सायकलवरून जाणारा मुलगा बेकायदा, आणि शेजारून क्वाडबाइक घेऊन तीच वाट चिखल करणारा जमीनमालक कायदेशीर.

रिजवे ही ब्रिटनमधली सगळ्यात जुनी वाट म्हणून सांगतात. खडूच्या टेकड्यांच्या माथ्यावरून एकंदर १३९ किलोमीटर. एव्हबरीजवळून निघालात की थेम्सकाठच्या गोरिंगपर्यंत सायकल खुशाल चालवा. थेम्स ओलांडली की फुटपाथचे तुकडे सुरू होतात. याउलट साउथ डाउन्स वे, विंचेस्टर ते ईस्टबोर्न, १६० किलोमीटर, १९७२ मध्ये घोडेवाट म्हणूनच आखली, म्हणून आज तिथे दर शनिवारी सायकलींची रांग लागते. पावसात तो खडू साबणासारखा निसरडा होतो, गारगोट्या टायर कापतात, तरी लोक जातात. तिथे दृश्य फार भारी आहे म्हणून नव्हे (आहेच), तर कुणी अडवणार नाही म्हणून. २०२० मध्ये सायकलिंग यूके या संस्थेने 'किंग अल्फ्रेड्स वे' हा विंचेस्टरहून निघून विंचेस्टरलाच येणारा ३५० किलोमीटरचा फेरा जाहीर केला. त्यांचं काम काय होतं? नवी वाट खणली नाही. असलेल्या हक्काच्या तुकड्यांना तुकडे जोडले, मधे फुटपाथ आला तिथे वळसा घातला. रूट आखणं म्हणजे इथे निम्मं वकिली काम आहे.

घोडेवाटांवर सायकल आली तीसुद्धा १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने, कलम ३०. पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी जाऊ द्यायचं, या अटीवर. आणि त्याच कलमात पुढे म्हटलंय की सायकलींच्या सोयीसाठी काही करायचं बंधन कुणावरही नाही. अस्सल पुणेरी पाटी! 'यावे. मात्र वाट नीट असेल अशी अपेक्षा ठेवू नये.'

साहेबाने हे दान दिलं, अशीही समजूत नको. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरच्या गिरण्या-कारखान्यांतली पोरं किंडर स्काउट या डोंगरावर जाणूनबुजून घुसली. डोंगर ड्यूकच्या शिकारीसाठी राखीव होता. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन, वय वीस. पोलिस स्टेशनवर त्याची वाट बघत होते, म्हणून तो आगगाडीने गेलाच नाही, सायकल मारत गेला. पाच जणांना तुरुंगवास झाला, रॉथमनला चार महिने. मला विचाराल तर ब्रिटनच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची सायकल-सहल ती आहे, आणि तिच्यात बॅग होती की नाही हे कुणीही नोंदवलेलं नाही. त्यानंतर १७ वर्षांनी १९४९ चा कायदा आला. डोंगरमाथ्यांवर मोकळं फिरायचा हक्क यायला २००० साल उजाडलं, आणि तोही फक्त पायी. स्कॉटलंडने मात्र २००३ च्या कायद्यात एका झटक्यात सांगून टाकलं: जबाबदारीने वागा आणि जवळपास कुठेही जा. पायी, घोड्यावर, सायकलवर, तंबू ठोका. मोटार नको. स्कॉटलंडमध्ये गुरंढोरं मेली नाहीत, शेती बुडाली नाही. तेच इंग्लंडने का करू नये, याचं मला पटेल असं उत्तर आजवर एकाही इंग्रजाने दिलेलं नाही. हवामानावर बोलायला लागतात.

मिळालेला हक्कही झोपून राहिलात तर जातो. डार्टमूरवर तंबू टाकून रात्र काढायचा हक्क जानेवारी २०२३ मध्ये एका जमीनमालकाच्या दाव्यावरून हायकोर्टात गेला, जुलैत अपिलात परत आला, आणि २१ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने कायम केला. मधले सहा महिने लोक तिथे हजारोंनी चालून गेले. त्याआधीची गोष्ट आणखी बोलकी आहे. २००० च्या कायद्यातच एक मेख होती: जुन्या वाटा १ जानेवारी २०२६ पर्यंत नकाशावर आणा, नाहीतर त्यांच्यावर पाणी सोडा. २०२० मध्ये रॅम्बलर्स या संस्थेच्या स्वयंसेवकांनी घरी बसून जुने नकाशे आणि आजचे नकाशे शेजारी शेजारी ठेवून ४९,००० मैल हरवलेल्या वाटा शोधून काढल्या. निवृत्त मास्तर आणि नर्सा अभिलेखागारात बसून दोनशे वर्षांपूर्वीची जमीनवाटपाची कागदपत्रं चाळत होत्या. सरकारने मुदत आधी २०३१ केली, मग डिसेंबर २०२४ मध्ये ती मुदतच रद्द करणार असं जाहीर केलं. मी ज्यांच्याबरोबर सायकल चालवतो त्या मंडळींत एकाची बॅग तीन ठिकाणी शिवलेली आहे, पण त्याच्या नावावर दोन वाटा आहेत.

आता आपल्या अंगणात येऊ.

'आपल्याकडे असलं काही नाही हो काका' असं तुम्ही म्हणाल. चूक! आपल्याकडे गावनकाशा आहे. १८३६ च्या इंदापूर तालुक्यातल्या पैमाशीपासून साहेबाने आपली शिवारं साखळीने मोजायला घेतली. त्या परंपरेतल्या गावनकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवतात, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायवाट एकेरी तुटक रेषेने, सव्वाआठ फूट. (इंजिनिअरची खोड म्हणून सांगतो: गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. त्या ३३ ची अर्धी साडेसोळा, पाव सव्वाआठ.) म्हणजे इंग्लंडच्या हिरव्या तुटक रेषांची सख्खी भावंडं तुमच्या तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात पडून आहेत. नक्कल मागा, मिळते. आपण त्यांना पाणंद म्हणतो, शिवरस्ता म्हणतो.

आणि जागेवर? जागेवर पाणंद म्हणजे दोन बाजूंनी सरकत आलेले बांध. एकवीस फुटांचे नऊ होतात, नवाचे चार, मग बैलगाडी जात नाही, मग ट्रॅक्टर जात नाही, मग एक दिवस नांगर फिरतो. ऊस तुटून पडलेला असतो आणि बाहेर काढायला वाट नसते. भावकीत डोकी फुटतात ती यावरून.

आणि आपण काय करतो? लोणावळ्याच्या पुढे कुठेतरी गाडीच्या टपावरून सायकली उतरवतो, गडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत खांद्यावर वाहून नेतो, तटावर उभी करून फोटो काढतो. कच्ची वाट मिळत नाही म्हणून कुरकुरतो आणि नवी बॅग बघतो. सामानसुद्धा उसनं. अहो, स्टोव्ह, गॅसचं नळकांडं, निर्जल जेवणाची पाकिटं हे स्कॉटिश हायलँडसाठी आहे. तिथे दोन-दोन दिवस दुकान लागत नाही. तुम्ही भोरहून निघालात तर दर तासाला चहा आहे, दुपारी कुणीतरी भाकरी देतं, आणि रात्री देवळाचा ओटा आहे. ट्यूबलेस टायर मात्र जरूर घ्या, बाभळीच्या काट्यांपुढे ट्यूबचं काही चालत नाही. झालं, माझा गिअरसल्ला संपला.

एक आक्षेप मला मान्य आहे, आणि तो माझ्या आतेभावानेच घेतला. त्याची शेती आहे. तो म्हणाला, "तुमच्या शहरी पोरांच्या रविवारच्या मौजेसाठी आम्ही वाटा मोकळ्या ठेवायच्या होय रे?" नाही दादा. वाट तुझी आहे. तुझ्या उसाची, तुझ्या बैलाची, शाळेत जाणाऱ्या पोरींची. सायकलवाला तिच्यावरचा शेवटचा पाहुणा. आणि २०२१ च्या मातोश्री पाणंद योजनेतून ती खडी टाकून पक्की झाली आणि माझी कच्च्या वाटेची हौस गेली, तर खुशाल जाऊ दे. पण ती नाहीशी झाली, तर आपण दोघेही गेलो. शहरातल्या पोरांकडे एक गोष्ट आहे जी तुझ्याकडे नाही: वेळ, नकाशा वाचायची सवय आणि हँडलवर लावलेलं जीपीएस.

याचा उपयोग काय ते सांगतो. इंग्लंडमध्ये १९८० च्या हायवेज ॲक्टचं कलम ३१ म्हणतं की एखाद्या वाटेने लोक २० वर्षं उघडपणे, अडवणूक न होता, कुणाची परवानगी न मागता जात राहिले, तर ती सार्वजनिक धरली जाते. म्हणून तिथे म्हाताऱ्या मंडळींचे जबाब घेतात: कधीपासून जाता, कशाने जाता. आपल्याकडे याला वहिवाट म्हणतात, शब्दातच वाट बसलेली आहे. आपल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही २० वर्षंच आहेत, फक्त तो हक्क वाटसरूचा नाही, शेजारच्या जमिनीचा. १९६६ च्या महसूल संहितेचं कलम १४३ बांधावरून वाट देतं. १९०६ च्या मामलतदार कोर्ट कायद्याचं कलम ५ पूर्वापार वाटेतला अडथळा काढून देतं. २०२५ मध्ये शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात घ्यायचा निर्णयही झाला. कायद्याचा तुटवडा नाही. वाट होती, अमुक तारखेला होती, इतकी रुंद होती, हे सांगणारा तिऱ्हाईत माणूस मिळत नाही. गावातला प्रत्येक साक्षीदार कुणाच्या तरी भावकीतला असतो.

तेव्हा यंदाच्या हिवाळ्यात एक तालुका निवडा. चार गावांचे नकाशे काढा, तुटक रेषा मोबाइलमध्ये चढवा आणि सायकल घेऊन त्यांच्यावरून जाऊन बघा. कुठे आहे, कुठे नाही, कुठे तारेचं कुंपण आहे. फोटो काढा, तारखेसकट. उभ्या पिकात घुसू नका, बांधावर माणूस दिसला तर रामराम घाला आणि काय करताय ते सांगा. तोच तुम्हाला पुढची बुजलेली वाट दाखवेल. ती फाईल तलाठ्याकडे नको, आधी ज्याची वाट अडली आहे त्या शेतकऱ्याच्या हातात द्या. आणि वेळ काढू नका. मामलतदार कोर्टात जायला अडथळा झाल्यापासून सहाच महिने मिळतात, आणि दिवाळीनंतर फिरलेल्या नांगराचे ते सहा महिने उन्हाळ्यातच संपतात.